ढोलकीभाऊंनी ऐकलेला आवाज

ढोलकीभाऊ कोणतीही वस्तू टिचकी मारल्याशिवाय हातात घेत नसत. भोपळा, माठ, पाण्याची टाकी, आणि नव्या साहेबाचं हेल्मेट, तेही त्याच्या डोक्यावर असताना. मी रुजू झालो त्या सकाळी माझ्या हेल्मेटवर टिचकी बसली आणि सगळ्यांसमोर निकाल लागला : "वरचं चांगलं आहे. अंदरचं मंग पाहू."

चामोर्शीजवळ नदीवर पुलाचं काम चालू होतं. यंत्रांची जबाबदारी माझ्याकडे, भाऊ आमचे फिटर. हिवाळ्यात, नाटकांच्या हंगामात, त्यांची रजा ठरलेली. वडशाच्या नाटक मंडळीत ते ढोलकी वाजवत. "तिथी चुकलो तं पूर्ण गाव हासते," ते म्हणत. "इथी चुकलो तं तुमी एकटेच ओरडता. आता सांगा, मोठी नोकरी कोनती?"

एका वर्षी नवा काँक्रीट पंप आला. उंचावर काँक्रीट पोचवणाऱ्या त्याच्या लांब हाताचा शेवटचा भाग पोलादाचा नव्हता, कार्बन फायबरचा होता. काळा, गुळगुळीत, हलका. भाऊंनी त्याला लोहचुंबक लावला. तो खाली पडला.

"लोखंडच नाई, तं ओझं कायनं उचलते?"

मी समजावलं : काळे धागे असतात, चिकट रसायनात भिजवून थरावर थर बसवतात. भाऊंचा चेहरा खुलला. "मंग असं सांगा ना साहेब, कारखान्यातला बांबू आहे हा!"

झालं. साइटवर त्याचं नाव 'बांबू' पडलं. भाऊ रोज सकाळी शिडीवर चढून तो नाण्याने वाजवत. विचारलं तर म्हणत, "सूर ध्यानात ठेवून राह्यलो."

एका दुपारी पंपाच्या हाताची घडी घालताना बांबू काठावरच्या मोहाच्या फांदीवर आदळला. वरून साधा ओरखडाही दिसेना. पुलाच्या खांबाचं काम खोळंबलं होतं, मी म्हणालो, "सुरू करा." भाऊ नाणं घेऊन चढले. टण, टण, टण आणि एका जागी ठप. तिथे त्यांनी खडूने गोल काढला. "इथी थर सुटले."

"भाऊ, ही नाटकाची तालीम नाही. उतरा."

मी स्वतः चढून वाजवून पाहिलं. मला सगळीकडे सारखंच वाटलं. उतरून पाहतो तर भाऊ बांबूच्या बरोबर खाली, जिथे नळी धरायला माणसं उभी राहणार होती, तिथे मांडी घालून बसलेले. "करा सुरू. पहिले माह्या डोक्यावर पडू द्या." माणसं हसायला लागली. मी चिडून काम बंद केलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा तज्ज्ञ तपासणीचं यंत्र घेऊन आला. थर आतून सुटले होते, नेमके खडूच्या गोलात.

अहवाल मी लिहिला. त्यात लिहिलं, 'माझ्या तपासणीत दोष आढळला.' मला सागवानी चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. सत्काराला सगळ्यांत जोरात टाळ्या भाऊंनी वाजवल्या, त्याही तालात.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ती चौकट बैठकीत होती तोवर मी तिच्याकडे पाठ करूनच बसायचो. गेल्या महिन्यात ती काखेत मारून वडशाला गेलो. भाऊ अंगणात ढोलकीची दोरी ताणत होते. केस सगळे पांढरे, बोटं तशीच चपळ. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चौकटीला टिचकी मारली.

"सागवान पक्कं आहे. मंडळीच्या फोटोले चालते." कागद काढून माझ्या हातात दिला, चौकट ठेवून घेतली.

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला होता ना, चार दिवस. मंग नाटकं लागली." ते पोटभर हसले. मग म्हणाले, "पन मले काऊन सांगता साहेब? मले तं मालूमच होतं. ज्याईले मालूम नाई, त्याईले सांगा."

म्हणून हे लिहिलं, त्या पुलावर माझ्यासोबत राबलेल्या सगळ्यांसाठी. तो ठप आवाज ढोलकीभाऊंनी ऐकला. त्याच जागी मीही नाणं वाजवलं होतं. मला काही ऐकू आलं नव्हतं.