आंबा घाटात राहिलेला दगड

बारा वर्षं नॅशनल परमिटची गाडी चालवतोय. ड्रायव्हर मंडळींकडे भुताखेतांच्या गोष्टींचा तोटा नसतो, पण मी त्यातला नाही. माझ्या गाडीला लिंबू-मिरची आहे ती मालकाची हौस. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय…

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गूळ घेऊन गुजरातला गेलो होतो. परतीचा थोडा माल रत्नागिरीत उतरवला, बाकीचा जयसिंगपूरला आणायचा होता. दुपारी आंबा घाट चढताना इंजिन तापलं. एका वळणावर गाडी उभी केली आणि मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले. चढाला नुसत्या हँडब्रेकवर विसंबून चालत नाही. निघताना ते दगड रस्त्याकडेला टाकायचे, हे काम क्लीनरचं. पण हल्ली क्लीनर मिळतो कुठे? मी एकटाच होतो.

इंजिन थंड होईपर्यंत धुकं उतरलं. वरून येणारी एसटी माझ्या गाडीमुळे वळणावर अडकली. तिचा ड्रायव्हर ओरडला, "ओ पावणं, घ्या की गाडी पुढं! मुक्काम टाकलाय व्हय हितं?"

मी घाईने चढलो, गाडी काढली, आणि दगड तिथेच राहिले. खरं सांगतो, माझ्या ध्यानातही नव्हतं.

घाट चढून आंब्याला चहाला थांबलो, तर फोनला रेंज आली आणि लगेच आईचा फोन. रडत होती की हसत होती, कळेना.

"आरं, तुझं आण्णा बोललं!"

आण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं तेही ट्रकवरच होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आठ महिने त्यांच्या तोंडून एक शब्द नव्हता.

"काय म्हणाले?"

"‘दगड काढ.’ आत्ता जेवान भरवताना दोनदा म्हनालं… खोलीत कुठला आलाय दगड? मी कॉटाखाली बी वाकून बघितलं की!"

मी चहा तसाच टाकून उठलो. हॉटेलवाल्याला म्हटलं, "मामा, मोटरसायकल द्या, अर्ध्या तासात आलो." त्यांनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता किल्ली दिली.

खाली उतरताना धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. दोन्ही दगड भर वळणावर होते. एक ढकलत कडेला नेला. दुसरा उचलून दोन पावलं मागे सरतोय, तोच खालून मोटरसायकल आली. नवरा, मागे बायको, तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. पहिला दगड होता तिथूनच त्यांचं चाक गेलं.

"काय झालं वो?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. सावकाश जावा."

ते गेल्यावर मी तिथेच खाली बसलो.

डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधी कधी जुने शब्द अचानक येतात. पटतंय. आण्णांनी आयुष्यभर क्लीनरला हेच सांगितलं असणार. पण त्याच दुपारी? मी कुठे होतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं…

घरी आल्यावर त्यांच्या कानाशी म्हटलं, "आण्णा, काढला दगड." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. त्यानंतर आजवर पुन्हा एक शब्द नाही.

आई मात्र रुसलीये. रोज घास भरवताना त्यांना ऐकवते, "आठ म्हैनं चमच्यानं भरवतोय मी, आन् तोंड उघडलं ते दगडासाठी! एकदा माझं नाव घ्या की." आणि घास पुढे करून थोडा वेळ तशीच थांबते.