कार्ड स्टॉकला आहे

"रिपोर्टमध्ये एवढंच लिहा, ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे कार्ड निकामी झालं," साहेब म्हणाले.

मी अजून खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी नाशिकहून मोखाड्यामार्गे जव्हारला येईपर्यंत एसटीनं माझे सगळे नटबोल्ट सैल केले होते आणि इथे निदान तयार होतं. फक्त पेशंट तपासायचा राहिला होता.

"आधी मशीन बघू का?" मी विचारलं.

"बघा की. पण परवा ठाण्याहून कमिटी येतेय. त्याआधी मला हे प्रकरण मिटवायचंय."

प्रकरण म्हणजे सुरेखा भोये. जामसरची मुलगी, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, याच पाणलोट ऑफिसात कंत्राटावर लागलेली. डोंगरावर पडलेलं पाणी कुठून कुठे वाहतं ते बघून बंधाऱ्याच्या जागा ठरवायच्या, हे ऑफिसचं काम. तिनं पोशेऱ्याकडच्या डोंगरांचं थ्रीडी मॉडेल कॉम्प्युटरवर तयार केलं होतं. कमिटीला ते चारी बाजूंनी फिरवून दाखवायचं होतं. मे महिन्यापर्यंत ते झकास फिरत होतं. पावसाळ्यापासून मात्र जागचं हलायला तयार नव्हतं. साहेबांनी यावर सखोल विचार केला आणि तिला कमी करण्याची नोट टाइप करून घेतली. माझा रिपोर्ट मागे जोडला की सही.

साहेब स्वतः त्या मशीनला हात लावत नसत. त्यांच्या टेबलावर वेगळा कॉम्प्युटर होता. त्यावर पत्त्यांचा डाव लावलेला असे. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

हे कार्ड काय करतं ते इथेच सांगून टाकतो. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार गडी असतो, पण एकटा. डोंगराचं चित्र लाखो बारीक त्रिकोणांचं बनलेलं असतं. डोंगर जरा फिरवला की प्रत्येक त्रिकोण नव्यानं काढायचा, रंगवायचा, सावली द्यायची. एकट्या माणसानं भाताच्या सगळ्या खाचरात आवणी करायची म्हटलं तर दिवाळी उजाडेल. तिथे बायकांची ओळ लागते, सगळ्यांनी एकदम वाकून रोपं लावायची. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती ओळ. त्याची स्वतःची मेमरी असते, म्हणजे रोपांच्या मुठी हाताशीच ठेवलेल्या. गेम खेळायची कार्डं वेगळी. त्यांना वेगाची घाई असते. त्यांनी एखादी रेघ इकडची तिकडे काढली तर राक्षस जरा तिरका मरतो, बाकी काही बिघडत नाही. वर्कस्टेशनच्या, म्हणजे अशा नकाशाच्या कामाच्या मशीनच्या, कार्डांकडून रेघ जिथल्या तिथे हवी असते, आणि ती नकाशाच्या सॉफ्टवेअरबरोबर तपासून दिलेली असतात. म्हणूनच ती महाग असतात. या ऑफिसच्या बिलात उरलेला अख्खा कॉम्प्युटर एका ओळीत होता आणि त्याहून महाग कार्ड दुसऱ्या ओळीत.

सुरेखानं मला मॉडेल उघडून दाखवलं. तिनं माऊस ओढला. पडद्यावरचा डोंगर तसाच बसून राहिला. आम्ही वाट बघितली. मग तो थोडासा कलला, नाइलाज झाल्यासारखा.

"पावसाळाभर असंच?" मी विचारलं.

"हो सर. मी पोशेऱ्याला सर्व्हेला गेले होते, आले तेव्हापासून. सेटिंगमध्ये कार्ड दिसतच नाही. तेव्हाच मोठ्या सरांना सांगितलं होतं."

"मग?"

"म्हणाले, कार्ड स्टॉकला आहे, म्हणजे आहे. तुम्हाला चालवता येत नाही."

"उघडून नाही बघितलं?"

"कॅबिनेटला हात लावायचा नाही अशी ऑर्डर आहे."

ती शांतपणे बोलत होती. या कंत्राटावर तिच्या घरचं काय काय अवलंबून होतं ते मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते दिसतच होतं, आणि मला साहेबांचा राग आला.

मी मशीन फिरवून मागची बाजू बघितली. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या स्वतःच्या साध्या सॉकेटला लावलेली होती. कार्डाच्या जागी भोक होतं. भोकात फडकं कोंबलेलं होतं, नीट घडी करून. पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत मी जळलेली कार्डं बघितली, उंदरानं कुरतडलेली बघितली. फडकं झालेलं कार्ड पहिलंच.

साहेबांना बोलावलं. "साहेब, कार्ड निकामी झालेलं नाही. कार्डच नाही."

साहेबांनी फडक्याकडे बघितलं, मग सुरेखाकडे. "म्हणजे चोरी. मग हलगर्जीपणा खोडा. नोट नव्यानं करावी लागेल."

सुरेखा खुर्चीतून उठली. इतका वेळ तिची नोकरी जाणार होती. आता नावही जाणार होतं.

तेवढ्यात गावितकाका चहा घेऊन आत आले. साखरशेतचे, स्टोअर सांभाळणारे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मशीन फिरवलेलं बघून ते दारातच थांबले.

"काय हुडकताव, सायेब?"

"यातलं कार्ड, काका."

"तो महागाचा? तो माज्या कपाटात हाय."

काकांना आमच्या चेहऱ्यांचा अर्थ लागेना. "पावसाच्या आदी सायबांनीच सांगला, महागाच्या वस्तू आवरून ठेव, बुरशी लागल. बिल बघला तर सगल्यात महाग तोच. बसवणाऱ्यानं कसा बसवला ते मी बघलाच व्हता. एक स्क्रू नि एक खटका. वायर बाजूच्या भोकात लावली नि मोकल्या भोकात फडका कोंबला."

"आणि पाऊस संपल्यावर?"

"काडायचा कोनी सांगलाच नाय. सगली बोलत, कॉम्पुटर सावकास चालतो. कार्डाचा नाव कोनी काडला?"

काकांनी कपाट उघडलं. वरच्या खणात घोंगड्या, ऑफिसची मोठी ताडपत्री आणि त्यांच्यामध्ये कार्डाचा मूळ खोका. आत कार्ड त्याच्या चंदेरी पिशवीत, भोवती कडुलिंबाचा सुका पाला. जव्हारच्या पावसात भिंतींना बुरशीच्या मिशा फुटतात, पण त्या कार्डावर धुळीचा कण नव्हता. इतकं निगुतीनं ठेवलेलं कार्ड मी मोठ्या कंपन्यांतही बघितलेलं नाही. फक्त ते मशीनमध्ये असतं तर आणखी बरं झालं असतं.

"साहेब, तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. "कार्ड स्टॉकलाच होतं."

कार्ड बसवलं, केबल हलवली, ड्रायव्हर टाकला. सुरेखानं माऊस ओढला आणि पोशेऱ्याचा डोंगर गर्रकन फिरला. ओढ्याच्या वळणावरची बंधाऱ्याची जागा समोर आणून तिनं तो थांबवला. मग डोळे पुसले, लपवून वगैरे नाही, सरळ ओढणीनं.

मी रिपोर्ट लिहिला. 'कार्ड साहेबांच्या आदेशानुसार कपाटात ठेवलेले होते. सुस्थितीत आहे.'

"आदेशानुसार काढा," साहेब म्हणाले.

"मग कुणाच्या हलगर्जीपणामुळे लिहू?"

साहेबांना एकदम चहा आठवला. तो गार झाला होता, तरी त्यांनी संपवला.

कमिटी आली, मॉडेल बघितलं, बंधाऱ्याची जागा पसंत केली. साहेबांनी आपल्या ऑफिसच्या आधुनिक दृष्टीबद्दल भाषण केलं. सुरेखाचं कंत्राट पुढे वाढलं. हे सगळं मला तिनंच फोनवर सांगितलं.

पण त्या दिवशी मी निघताना ती नोट टेबलावर तशीच पडलेली होती. सुरेखानं ती उचलली आणि साहेबांपुढे धरली.

"सर, ही फाडू, की गावितकाकांना देऊ? त्यांच्याकडे चांगली टिकेल."

साहेबांनी स्वतःच्या हातानं फाडली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. बिघाड सापडायच्या आधी कुणी रिपोर्टचा मजकूर सांगायला लागलं, की मी मशीन नंतर उघडतो. आधी त्या माणसानं काय काय आदेश दिलेत ते विचारतो.