मऊ पोट

दुपारी जेवण झाल्यावर वडिलांच्या पोटात दुखू लागलं. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

दुपार ते संध्याकाळ त्यांच्या उशाशी आत्या होती. ती वडिलांची थोरली बहीण. आयुष्य भिवापूरला काढून आता नागपूरला आमच्या सक्करदऱ्याच्या घरी राहते. सरकलेली बेंबी बसवणारी म्हणून तिकडे तिला सगळे ओळखत. पोट दुखणाऱ्याला उताणं निजवून ती बेंबीवर अंगठा टेकवायची, ठोका शोधायची आणि तेल लावून तो जागेवर आणायची. पण त्याआधी तळहातानं पोट दाबून पाहायची. ते पाटासारखं ताठ लागलं तर, "मी नाही हात लावत, नागपूरले न्या." मऊ लागलं तरच तेलाची वाटी मागायची. वडील तळमळत होते, पण पोट मऊ होतं. तिनं वाटी मागितली.

तेरावं झाल्यावर आत्याचं जेवण कमी होत गेलं. एकदा मेथी निवडताना तिनं विचारलं, "काहून वं, माह्याच हातानं गेला का तो?"

"नाही गं आत्या."

"तुले काय मालूम? तू का डॉक्टर हायेस? नुसती पुस्तकं वाचून राहते."

खरंच मला माहीत नव्हतं. म्हणून मी मनीषनगरला वडिलांच्या मित्राकडे गेले. ते निवृत्त सर्जन. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली होती, असं दवाखान्यात सांगितलं होतं. तेवढं मी त्यांना सांगितलं.

"त्याच्या हृदयाचे ठोके चुकत होते ना? गुठळी तिथूनच निघाली असेल," ते म्हणाले. "यात दुखणं भयंकर आणि पोट मऊ. सुरुवातीला आम्हीसुद्धा फसतो."

मी आत्याच्या तळहाताची गोष्ट सांगितली.

"तिची चूक नव्हती, बेटा. आमच्या उमेदीच्या काळात रात्रंदिवस तीच पोटं यायची. टायफॉइडनं आतड्याला भोक, अल्सर फुटलेला. लाकडासारखी पोटं! नातेवाईक म्हणायचे, तिखट खाल्लं म्हणून फुटलं. त्या भिवापुरी मिरचीवर इतके आरोप झाले, तिला वकील द्यायला हवा होता."

"आणि आता?"

"आता तसं क्वचित. पाणी सुधारलं, गोळ्या आल्या. लहान मुलांच्या आतड्यात जंतांचा गुंता अडकायचा, तो नव्या डॉक्टरांनी पाहिलेलाही नसतो. आता पित्ताचे खडे, सुजलेलं स्वादुपिंड. माणसं जास्त जगतात, म्हणून या गुठळ्याही."

मी विचारतच राहिले. गावातली पोटं वेगळी असतात का, हे बदल कुणाच्या आधी लक्षात आले. शोकात असताना इतकं कुतूहल वाटावं, याचं मला नवल वाटलं. शेवटी निघताना आत्याचा प्रश्न विचारला.

"चोळल्यानं गेला नाही," ते म्हणाले. "वेळ मात्र गेला. लवकर आणला असता तर वाचला असता का, ते मी सांगू शकत नाही."

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे माह्या हातानं नाही."

"नाही."

"पण येळ गेला."

"गेला," मी म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पोट तर मऊ होतं वं."

"त्या रोगात मऊच असतं, आत्या."

"असा कसा रोग?" तिनं विचारलं. मग गुठळी छातीतून पोटात कशी उतरते, ते तिनं माझ्याकडून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

त्या दिवशी ती नेहमीइतकी जेवली नाही, पण जेवली.

पोट दुखतं म्हणून गल्लीतल्या बायका अजून तिच्याकडे येतात. पोट मऊ की ताठ, हे ती आता पाहत नाही. सगळ्यांना आधी दवाखान्यात पाठवते.