शेजारच्या शाळेला कंपनी मिळाली

मला हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही. आधीच सांगून ठेवतो. पुढे मी तत्त्वाच्या गोष्टी करायला लागलो तर फसू नका.

माजलगावकडच्या आमच्या पट्ट्यात दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आईबापामागं पोरंही जातात. शाळा ओस पडते. यावर मी पत्रकं काढली, कचेरीपुढं बसलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. ‘लेकरं फडात, शासन झोपेत’ हा मथळा माझाच. मग कळलं, पुण्याकडची एक कंपनी आमच्या भागातल्या एका शाळेला जोडून घेणार आहे. गणित-विज्ञानाला जादा शिक्षक, प्रयोगशाळा, आणि मुख्य म्हणजे तोडीच्या हंगामात मुलांची शाळेतच राहण्या-जेवण्याची सोय. शाळा एकच. दावेदार दोन: आम्ही आणि ओढ्यापलीकडचं गाव.

माझ्या डोळ्यापुढं एकच मुलगी होती. शेजारची, सातवीतली. गुरुजींचा खडू थांबायच्या आत तिचं उत्तर तयार. आदल्या हंगामात ती फडावर धाकट्या भावाला सांभाळत होती. परत आली तेव्हा अपूर्णांक विसरली होती. सोय झाली तर यंदा तिला ठेवीन, असा शब्द तिच्या बापानं मला दिला होता.

कंपनीची माणसं पाहणीला आली. आमच्याकडं पाहुणा आला की सत्कार, आणि सत्कारात कुणाचं नाव राहिलं की वर्षभर अबोला. गावात दोन गट. म्हणून यादी मीच केली, दोन्हीकडं सारखा मान. वेशीपासून हलगी, फेटे, आजी सरपंच, माजी सरपंच, डेअरीचे चेअरमन. प्रत्येकाच्या हातून शाल-नारळ आणि प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. माझेही झाले. लई टाळ्या पडल्या. कंपनीच्या बाई फेटा सावरत दोनदा म्हणाल्या, “वर्ग बघू या का?”

“बघू की मॅडम, आधी चहा घ्या,” सरपंच म्हणाले.

चहा होईतो शाळा सुटली. ती मुलगी सगळा वेळ नारळाचं ताट धरून उभी होती. तिला एक गणित कुणी घातलं नाही.

पलीकडच्या गावात शाळा समितीचा अध्यक्ष म्हणजे माझा एकेकाळचा बाकमित्र. माझ्या वहीतून उतरवून पास झालेला. निवड त्यांची झाली. मी तडक गेलो.

“काय केलंस बे तू?”

“काय न्हाई. पाव्हण्यांना पोरांत सतरंजीवर बसवलं आन् मी चहा सांगायला गेलतो. यीऊन बघतो तर बाई फळ्याजवळ, पोरं त्यांना शिकवायलीत.”

“सत्कार कावून न्हाई केला?”

“फेटे कुठून आणू? आमच्यात तुझ्यासारखा पुढारी हाय का?”

हसला. मला हसू आलं नाही. घरी येऊन पत्रक लिहायला घेतलं: ‘भांडवलदारांनो, शाळांवरचे हात काढा!’ तीच कंपनी आमच्याकडं आली असती तर मीच स्वागताची कमान लावली असती. हे लिहिताना मला ठाऊक होतं, तरी लिहीत होतो.

दिवाळी झाली. मुलीचा बाप आला. “टोळी परवा निघायली, दादा. तिकडल्या शाळेत हिची सोय हुईल म्हणतेत. पर आपले हेडमास्तर दाखला देईनात. पट कमी हुतो म्हणतेत. तुमी सांगा की.”

पट घटला की शिक्षकाची जागा जाते. हेडमास्तर खोटं बोलत नव्हते. ‘एकही दाखला बाहेर जाऊ देऊ नका’ हे त्यांना मीच पत्रकातून शिकवलं होतं. ‘बघतो’ म्हणालो आणि दोन दिवस बघितलंच नाही. आमची सगळ्यात हुशार पोरगी त्या बाकमित्राच्या शाळेत? तिचं नाव त्याच्या फलकावर?

परवाचा दिवस उजाडला. टोळीच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी चढत होती आणि ती मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. दप्तर घरातच. मी शाळेत पळालो.

“दाखला द्या, सर.”

“पट?”

“पटासाठी उद्या तुमच्यासोबत कचेरीपुढं बसतो. आज द्या.”

त्यांनी रजिस्टर काढलं.

तिला गाडीवर घेऊन मी ओढा ओलांडला. मित्रानं अर्ज पुढं केला. “बाप तोडीला गेला ना? तू सही कर.” नात्याच्या रकान्यात मी ‘शेजारी’ लिहिलं. प्रयोगशाळेची काचेची कपाटं खिडकीतून दिसत होती. मी मोजली. पाच. जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

“दादा,” मुलगी म्हणाली, “तुमी जावा आता. तास सुरू झालाय.”