आर्डिसने बस थांबवली

पोर्ट हॅलॉकमध्ये आर्डिस सिप्पोलाच्या बसचा आवाज कुत्र्यांनाही ओळखू यायचा. शुक्रवारी ती बस कॉलेजच्या रिंकसमोरून, म्हणजे बर्फावरच्या मैदानासमोरून, आइस हॉकीचा संघ घेऊन निघे आणि रविवारी परत येई. बस उतरणीला लागली की गावातले लोक आवाजावरूनच सांगत, "हरले वाटतं. सावकाश येतेय." तसं काही नसे. आर्डिस जिंकल्यावरही सावकाशच येई.

तिचे वडील लोहखनिजाच्या धक्क्यावर कामाला होते. नवऱ्याने, आर्विडने, एक जुनी बस विकत घेऊन संघाला गावोगावी नेण्याचं काम मिळवलं. तो हृदयाच्या झटक्याने अचानक गेला तेव्हा बँकेतला माणूस घरी येऊन गोड आवाजात म्हणाला, "बस विकून टाका, मिसेस सिप्पोला. तुमच्याच्याने नाही व्हायचं." आर्डिसने त्याला कॉफी पाजली, वेलदोड्याचा पाव खाऊ घातला आणि दुसऱ्याच आठवड्यात बस चालवण्याचा परवाना काढायला गेली. पहिल्या हिवाळ्यात खेळाडूंच्या आयांनी कॉलेजला फोन केले, बाईमाणूस बर्फात एवढी मोठी गाडी कशी चालवणार म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यात कोणी फोन केला नाही. पोरं तिला मिसेस सिप म्हणू लागली. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या सुपिरियर सरोवराच्या काठाकाठाने आणि त्याच्याही पलीकडे अशी एकही रिंक नव्हती, जिच्या मागच्या आवारात तिने बस लावली नव्हती.

मग ज्यावर हे सगळं उभं होतं, तेच डळमळू लागलं.

कॉलेज हॉकीत नुसता संघ असून भागत नाही. कुठल्यातरी गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, जागा लागते. गटात असलं की वर्षभराचे सामने ठरतात, टीव्हीच्या पैशात वाटा मिळतो, राष्ट्रीय स्पर्धेची वाट मोकळी राहते आणि मुख्य म्हणजे दुसरे संघ तुमच्या गावी खेळायला येतात. पोर्ट हॅलॉकच्या गटात काही मोठी विद्यापीठं होती. एका वसंतात ती सगळी मिळून बाहेर पडली आणि त्यांनी आपापसात नवा गट काढला. लहान गावांत जाऊन खेळणं परवडत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं. मागे उरलेल्यांपैकी एका कॉलेजने हॉकीच बंद केली, दुसऱ्याला भलतीकडे आसरा मिळाला. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं पोर्ट हॅलॉक एकटं उभं राहिलं.

एक मोसम त्यांनी तसाच काढला. कोणी येईना, म्हणून हेच सगळीकडे जात. मोठे संघ ठरावीक रक्कम देऊन बोलवत, मनसोक्त गोल करत आणि पाठीवर थाप मारून परत पाठवत. घरच्या रिंकवर सामने नाहीत म्हणजे तिकिटं नाहीत, हॉटेलात माणूस नाही, शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नाही. कॉलेजच्या अध्यक्षांनी जाहीरच करून टाकलं की उन्हाळ्यापर्यंत गट मिळाला नाही, तर संघ बंद.

एक आशा होती. नॉर्थ प्लेन्स नावाच्या गटात सात संघ होते. सात विषम, त्यामुळे दर आठवड्याला एक संघ रिकामा बसायचा. त्यांना आठवा हवा होता. पोर्ट हॅलॉक आणि डकोटातलं एक कॉलेज, दोघांनीही अर्ज केले. प्रवेशाची रक्कम दांडगी होती, पण गावाने ती जमवली. चर्चच्या बायकांनी सबंध शरद ऋतूभर मांस-बटाट्याच्या पेस्टी, म्हणजे मोठ्या करंज्या, भाजून विकल्या, धक्क्यावरच्या कामगारांनी एका दिवसाची मजुरी दिली. अडलं ते अंतरावर. त्या सातही कॉलेजांचा एकच सवाल होता : एवढ्या लांब, एवढ्या बर्फातून आमच्या बस दर हिवाळ्यात पाठवायच्या? खर्च कोण सोसणार?

म्हणून गटाची दोन माणसं पाहणीला येणार होती. एक गटाच्या प्रमुख कॉलीन प्रॅदर आणि दुसरे लायमन ओबर्ग, हिशोब बघणारे. त्यांनी कळवलं होतं की गावापर्यंतचं छोटं विमान नको. आमची पोरं ज्या रस्त्याने येतील, त्याच रस्त्याने बसमधून येऊ.

कॉलेजच्या क्रीडा विभागाचा प्रमुख रोलंड डुफ्रेन हे सांगायला आर्डिसच्या स्वयंपाकघरात आला. दोघं शाळेपासूनचे.

"मोठ्या विमानतळावरून त्यांना घेऊन यायचं, आर्डिस. दुपारी अध्यक्षांबरोबर बैठक, मग रिंक दाखवायची. संध्याकाळी ते परत. गुळगुळीत रस्ता दाखव त्यांना."

"रस्ता मी नाही केलेला, रोलंड. जो आहे तोच दाखवीन."

"अगं, मस्करी पुरे. सगळं तुझ्या हातात आहे."

"म्हणूनच मस्करी करतेय," आर्डिस म्हणाली.

त्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. प्रॅदरबाई उंच, कमी बोलणाऱ्या. ओबर्ग जाडसर, सारखं घड्याळ बघणारे. बसमध्ये दोघं आणि रोलंड, बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. रोलंड अखंड बोलत होता. अर्धा रस्ता छान सरला. मग सरोवराकडून वारा सुटला आणि पांढऱ्या पिठासारखं काहीतरी रस्त्यावरून सरपटू लागलं.

टॅमरॅकच्या सपाटीच्या अलीकडे एक जुना टाउनशिप हॉल, म्हणजे पंचायतीची इमारत, आहे. त्याच्यापुढे दोन्ही बाजूंना दलदल. झाड नाही, घर नाही, वारा अडवायला काही नाही. आर्डिसने हॉलपाशी बस उभी केली आणि रेडिओवर टोइवोला गाठलं. तो रस्त्यावरचा बर्फ उपसणारा सरकारी ट्रक चालवायचा.

"टोइवो, सपाटीवर कसं आहे?"

"वाईट आहे. पण अजून रस्ता बंद केलेला नाही. जायचं की नाही ते तुझं तू ठरव, बाई."

रोलंड पुढे येऊन तिच्या खुर्चीशी वाकला. आवाज दाबून म्हणाला, "ऐक. इथे थांबलो तर ते एकच वाक्य घेऊन जातील, की पोर्ट हॅलॉकला पोहोचता येत नाही. झालं, संपला संघ. तू याहून वाईटातून आलेली आहेस."

हे खरं होतं. आर्डिसने समोरच्या आरशात पाहिलं. प्रॅदरबाई तिच्याकडेच बघत होत्या. तिने गिअर टाकला.

पहिला मैल ठीक गेला. मग कडेचे खांब एकाआड एक दिसू लागले, मग दिसेनासे झाले. काचेपलीकडे सगळं दुधासारखं. वर कुठे, खाली कुठे, कळेना. चाकं कडेच्या खडबडीत पट्टीवर गेली की सबंध बस थरथरे, आणि त्या थरथरीवरूनच आर्डिस रस्ता धरून होती. रोलंडची बडबड थांबली होती.

उजव्या हाताला ट्रकमध्ये ओंडके भरण्याचा एक मोकळा तळ आहे, हे तिला ठाऊक होतं. तो मागे पडला असेल की पुढे असेल, ते मात्र नक्की सांगता येत नव्हतं. तिने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठलं. तेवढ्यात ओंडक्यांच्या ढिगाची काळी कड क्षणभर दिसली. तिने बस तिकडे वळवली, ढिगाच्या आडोशाला नेऊन उभी केली आणि सगळे दिवे लुकलुकत ठेवले.

"इथे कशाला?" रोलंड ओरडलाच.

"बस पुढे जाणार नाही."

"अगं, सपाटी अर्धी संपली!"

"अर्धी उरलीय."

एवढ्यात रस्त्यावरून एक पिकअप दिवे लावून पोर्ट हॅलॉकच्या दिशेने गेली. रोलंडने बोट दाखवलं. "बघ! तो गेला की!"

"गेला. सुखरूप जावो. मी नाही जाणार."

रोलंड खुर्चीत कोसळला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आर्डिस फावडं घेऊन खाली उतरली. इंजिन बंद केलं तर सगळे गारठणार, आणि चालू ठेवलं तर धूर बाहेर जायला वाट हवी. मागची नळी बर्फाने बुजली, तर तो धूर आत शिरतो आणि माणूस झोपेतच जातो. बसच्या अंगावर हात ठेवत, चाचपत ती मागे गेली, नळी मोकळी केली आणि तशीच परत आली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. मग पुन्हा उठली, तेव्हा ओबर्ग उभे राहिले.

"द्या ते फावडं. नळी कुठे आहे तेवढं दाखवा."

"बसला हात लावून चालायचं, साहेब. हात सोडायचा नाही."

"नाही सोडत. घरी बायको आहे माझी," ओबर्ग म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी घड्याळ सोडून दुसऱ्या कशात लक्ष घातलं होतं.

ते खाली असताना प्रॅदरबाई पुढे येऊन बसल्या.

"एक विचारू? आज आमच्याऐवजी मागे पोरं असती, तर तुम्ही इथेच थांबला असतात?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि रोलंड तिच्याकडे डोळे लावून बसला होता.

"पोरं असती तर त्या हॉलपाशीच थांबले असते, मॅडम. तुम्ही होतात, म्हणून इथवर आले. ते चुकलंच माझं."

रोलंडने डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने टोइवोचा ट्रक पिवळा दिवा फिरवत आला. पुढचा रस्ता आता बंद केला होता, मागे जाण्याची तेवढी मुभा होती. त्याच्या पाठोपाठ आर्डिसने बस परत नेली. पाहुणे आले तसे विमानतळावरूनच गेले. पोर्ट हॅलॉकची रिंक त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. निरोप घेताना ओबर्गनी आर्डिसचा हात हातात घेतला. प्रॅदरबाईंनी नुसती मान हलवली.

त्यानंतरचे दिवस आर्डिसला खायला उठले. पिकअपवाला सुखरूप पोहोचला होता आणि त्याने ते गावभर सांगितलं होतं. तो खोटं काही बोलत नव्हता, तेच जास्त बोचत होतं. ज्या बायकांनी पेस्टी भाजल्या, त्या चर्चमध्ये तिला बघून बोलणं आवरतं घेत. रोलंडचे फोन यायचे बंद झाले. वाण्याच्या दुकानात एक म्हातारा तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आर्विड असता, तर नेली असती त्याने बस."

आर्डिस वळली. "नेली असती. माहितीय मला. म्हणून तर तो येईपर्यंत मी रात्ररात्र खिडकीत बसायचे. तुझी बायको कधी बसली होती का रे, बर्ट?"

ती दूध तिथेच विसरून घरी आली, आणि घरी आल्यावर मात्र तिला रडू फुटलं. आपण बरोबर केलं याबद्दल तिला शंका नव्हती. पण आपलं बरोबर असणं सगळ्या गावाला महागात पडणार, आणि ते गाव तर आपलंच.

वसंत लागला, सरोवराचा बर्फ तडकायला लागला, तेव्हा प्रॅदरबाईंचा फोन आला. अध्यक्षांना नाही, रोलंडला नाही, थेट आर्डिसला.

"तुमचं कॉलेज घेतलंय आम्ही. उद्या जाहीर होईल."

आर्डिस म्हणाली, "माझ्यामुळे हातचं गेलं असं वाटत होतं मला."

"खरं सांगते, तुमच्यामुळे मिळालंही नाही. डकोटावाल्यांनी ऐनवेळी पैशाअभावी माघार घेतली आणि आम्हाला आठवा हवाच होता. पहिली काही वर्षं पाहुण्या संघांच्या प्रवासाचा निम्मा खर्च तुमच्या कॉलेजला द्यावा लागेल. कडक अट आहे, पण ते कबूल झालेत. दोन गोष्टी मात्र त्या दिवसामुळे झाल्या. आता नियम केलाय, की हवा वाईट असली तर चालकाचा शब्द शेवटचा. सामना पुढे ढकलायचा, दंड कोणालाच नाही. ओबर्ग त्यासाठी सगळ्यांशी भांडले."

"आणि दुसरी?"

"विमा कंपनीने कान टोचले. यापुढे आठही संघ एकाच मोठ्या बसकंपनीने प्रवास करतील. एक गाडी असलेल्या मालकांना काम देता येणार नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटलं मला."

आर्डिस म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, मॅडम."

संध्याकाळी रोलंड दारात उभा. हातात टोपी. आर्डिसने त्याला तसाच थोडा वेळ उभा ठेवला.

"भांडून बघू का मी?" शेवटी तो म्हणाला. "तुझ्यासाठी सूट मागतो. आता आम्ही सदस्य आहोत."

"मागशील आणि ते म्हणतील, हे बघा, आले नाहीत तोच किरकिर. राहू दे. आत ये, थंडी घरात घेऊ नकोस."

"त्या दिवशी मी तुला..."

"हो, तू मला ढकललंस. आणि मी गिअर टाकला. हात माझा होता, रोलंड. कॉफी घे."

मोठी बस तिने विस्कॉन्सिनमधल्या एका चर्चला विकली. ती चालवत नेऊन त्यांच्या ताब्यात दिली आणि रेल्वे नसलेल्या त्या मुलखातून दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून परत आली. सगळा वेळ तिचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. मग तिने एक लहान गाडी घेतली आणि शाळेच्या स्कीइंगच्या मुलांना डोंगरावर नेऊ लागली. कमाई निम्म्यावर आली, घराची वरची खोली भाड्याने द्यावी लागली.

ऑक्टोबरात नव्या गटातला पहिला सामना घरच्या रिंकवर झाला. पाहुण्यांची चकचकीत बस मागच्या आवारात उभी होती. आर्डिसने तिकिटाच्या खिडकीशी पैसे सरकवले. आतल्या बाईने ते परत ढकलले, आर्डिसने पुन्हा सरकवले. इतक्या वर्षांत तिने हॉकीचा एकही सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पोरं खेळत तेव्हा ती बसमध्ये झोप काढायची, कारण पुढे रात्रभर गाडी हाकायची असे. आज ती चर्चच्या बायकांमध्ये बसली. त्यांनी सरकून जागा केली, एकीने मांडीवरची अर्धी शाल तिच्या गुडघ्यांवर ओढली.

संघ हरला. दोन गोलांची आघाडी घेऊन हरला. शेवटच्या मिनिटाला आर्डिस उभी राहून पंचांना असं काही बोलली, की शेजारच्या पाद्रीबाईंनी मान वळवून हसू लपवलं.