रिकामं गोदाम

डबा हाती घेतला की काका बोटाच्या पेराने बुडावर टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय." तो डबा कधी गळत नसे. कामावर असा जीव असणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी हिंगोलीच्या एका तेल गिरणीत स्टोअरचा कारकून होतो. काका कनेरगाव नाक्याला घरीच पत्रा कापून, कथलाचा डाग देऊन तेलाचे डबे बनवत. महिन्याचा माल एकदम आणून आमच्या गोदामात रचत.

मग मालकांच्या इंजिनियर जावयांनी पुण्याहून नवं शास्त्र आणलं. जपानात म्हणे माल साठवतच नाहीत. ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी, लागेल तेवढाच मागवतात. मालक हरखले. रोज सकाळी पहिल्या एसटीने चाळीस डबे, एक दिवस चुकला तर काकांचं काम बंद. हे काकांना सांगायचं अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

"जमेल ना, काका?"

"न्हाई जमून कसं चालंल, भाऊ?"

आठ महिने ते चुकले नाहीत. पाहुणे आले की मालक झाडून लख्ख केलेलं रिकामं गोदाम उघडून दाखवत. मागे उभा राहून मीही मान डोलवायचो.

एकदा वाशीमला जाताना काकांच्या घरी उतरलो. आत आढ्यापर्यंत डबे. एखाद्या दिवशी पत्रा मिळाला नाही, हात भाजला, तरी उद्याचे चाळीस तयार हवेत ना! बाळंतपणाला आलेली लेक तान्ह्याला घेऊन ओसरीवर, पोत्याच्या आडोशाला. थंडीचे दिवस.

"काहून हो भाऊ," काकू म्हणाल्या, "तुमचं गोदाम रिकामंच हाय म्हनं?"

"गप बस," म्हणत काकांनी माझ्यापुढे चहा ठेवला. आमचं गोदाम इथं, लेकराच्या जागेवर येऊन बसलं होतं. मालकांना सांगायचं ठरवून परतलो आणि सांगितलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी एका सकाळी डबे आले नाहीत. गिरणी अर्धा दिवस थांबली. मालकांनी नांदेडला ट्रंक कॉल लावून दुसरा माणूस ठरवला.

दुसऱ्या दिवशी काका डबे घेऊन हजर. "लेकराची छाती भरली व्हती. काल दिसभर दवाखान्यात व्हतो. डाक्टर म्हनला, थंडीत ठिवू नका."

मी मालकांचा निरोप सांगितला, आता डबे नांदेडहून येणार, तुमचे नकोत. काका गोदामाच्या उघड्या दाराकडे बघत राहिले.

"एवढे चाळीस तरी ठिवू का तिथं? लेकरू आत घ्याचं हाय, भाऊ. घरात जागा न्हाई."

मी नाही म्हटलं. तसा हुकूम होता.

परतीची एसटी लागली. काका शिडीने टपावर चढले आणि खालून मी एकेक डबा त्यांच्या हातात देत राहिलो, चाळीसच्या चाळीस.