चष्म्याला लागलेला चकवो

मी आयुष्यात अकरा जुने ट्रक विकत घेतले आणि त्यातल्या एकानेही मला फसवलं नाही. जे काय फसवायचं ते मीच त्यांना फसवलं. डिचोलीच्या खाणी जोरात होत्या तेव्हाचे ते दिवस. एका ट्रकाला तर ब्रेकच नव्हते. खनिज भरून तो मी पार मुरगाव बंदरापर्यंत निव्वळ शिव्या देऊन थांबवत नेला, आणि तिथे पोचल्यावर मागे सरकू नये म्हणून चाकाखाली माझ्या जेवणातली भाकरी ठेवली. ट्रक तसूभर हलला नाही. भाकरी मीच थापलेली होती.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की जुनी वस्तू घ्यायची विद्या मला येते याबद्दल वाचकाच्या मनात शंका नसावी. कारण परवा, म्हणजे गेल्या गणेशचवथीच्या आधी, मी जी जुनी वस्तू घेतली तिला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं आणि हॉर्नही नव्हता. तो डोक्याला बांधायचा चष्मा होता. व्हीआर हेडसेट. तो डोळ्यांवर चढवला की आपली साल म्हणजे पुढची बैठकीची खोली, आपलं गाव, आपलं कर्ज सगळं नाहीसं होतं आणि माणूस खेळाच्या आत जाऊन उभा राहतो.

मी तो बायकोसाठी घेतला. (खरं म्हणजे त्यात ट्रकांच्या शर्यतीचाही एक खेळ आहे असं मी आधी वाचलं होतं. पण ते राहू दे.)

बायको पेडण्याची. ती आणि तिची धाकटी बहीण, दोघी लहानपणी टेबल टेनिस खेळायच्या. टेबल म्हणजे गोठ्याच्या दाराची फळी दोन बाकांवर आडवी टाकलेली, आणि जाळी म्हणजे हरमलच्या रापणकाराने दिलेला मासेमारीच्या जाळ्याचा फाटका तुकडा. त्याला सुक्या बांगड्यांचा असा वास की मांजरं पंच म्हणून दोन्ही बाजूंना बसायची. अशा टेबलावर शिकून दोघी बहिणी तालुक्याच्या फायनलला पोचल्या, एकमेकींच्या विरुद्ध. तालुक्यात तेव्हाही एकवीस पॉइंटांचाच जमाना. शेवटचा गेम एकोणीस-एकोणीस झाला आणि बाहेर गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या बसने भोंगा दिला. माझे सासरे उठले, दोन मुलींच्या हातांतल्या दोन बॅटी काढून घेतल्या आणि दोघींना बसमध्ये घातलं. कप दोघींच्या नावाने शाळेच्या कपाटात गेला.

त्याला आता बावीस वर्षं झाली. दोघींची लग्नं झाली, धाकटी नर्स होऊन मस्कतला गेली. पण चवथीला ती घरी आली की नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळता तळता तोच वाद. "बस आली नसती तर मीच जिंकलेलं." "तू? तुझी सर्व्हिस नेटाक लागत होती गो!" गेली दोन वर्षं तिला रजा मिळाली नाही. नेवऱ्या मुकाट्याने तळल्या गेल्या. इतक्या मुकाट्याने की मला कढईतले बुडबुडे मोजता यायचे.

मग जुलैत एक दिवस धाकटीचा फोन आला. तिच्या नवऱ्याने हेडसेट घेतला होता, त्यात टेबल टेनिस होतं, आणि तसलाच एखादा इकडेही असला तर दोघींना एकाच टेबलावर उभं राहता येणार होतं. "तयेच्या दिवशी दुपारी चार वाजता माका सुट्टी हा," ती म्हणाली. तय म्हणजे चवथीचा आदला दिवस. "एकोणीस-एकोणीसपासून सुरू करूया. येतंस की भियातंस?"

 बायको लाटणं उजव्या हातात बॅटीसारखं धरून थोडा वेळ उभी राहिली. मी तेवढं पाहिलं.

नव्या हेडसेटची किंमत ऐकून मी दुकानातल्या खुर्चीवर बसलो, आणि खुर्चीचीही किंमत विचारतील म्हणून लगेच उठलो. मी हल्ली मोपाच्या विमानतळावर कामगारांची मिनीबस चालवतो. त्या पगारात नवा यायला पुढच्या तीन चवथी गेल्या असत्या. तेव्हा जुना शोधायला लागलो, आणि सापडला हरमलला. पुण्याची एक मुलगी तिथे वर्षभर खोली घेऊन लॅपटॉपवर नोकरी करत होती आणि आता घरी परत चालली होती. तिचा हेडसेट दोन पिढ्या मागचा. कंपनीने त्याची काळजी घेणं सोडून दिलेलं, पण टेबल टेनिसचा खेळ त्यावर अजून चालतो, असं तिने शपथेवर सांगितलं.

मी तो ट्रकासारखाच तपासला. उलटा केला, हलवून आवाज ऐकला, वास घेतला, खाली बसून पोट पाहिलं.

"काका, हा ट्रक नाही," ती म्हणाली. "आतल्या काचा बघा. हा कधी उन्हात ठेवला असेल तर काचेतून ऊन जाऊन आतला पडदा जळतो. तिथे पिवळा डाग दिसतो. माझ्यात नाही."

खरंच नव्हता. मग तिने चार्जिंग किती वेळ टिकतं ते दाखवलं, हातात धरायचे दोन्ही कंट्रोलर चालवून दाखवले, स्वतःचं खातं माझ्यासमोर पुसलं. अकरा ट्रक विकणाऱ्यांपैकी एकानेही मला एवढ्या खरेपणाने काही सांगितलं नव्हतं. मी भाव करायला तोंड उघडलं, आणि लाजेने जांभई दिल्यासारखं करून मिटलं.

तिच्या खोलीतच मी तो डोक्याला बांधून पाहिला. काय सांगू! टेबल असं समोर उभं की मी त्यावर कोपर टेकायला गेलो आणि पडलो. उठून मारलेला पहिला फटका इतका जोरदार होता की किनाऱ्यावरच्या तीन होड्या आपोआप पाण्यात गेल्या असं नंतर लोक म्हणत होते. निदान मी तरी म्हणत होतो. त्या खोलीत भिंतभर रंगीत चादरी, शिंपल्यांच्या माळा, वाळत घातलेले कपडे, टोप्या, पोस्टर असं काय काय लटकत होतं. पण तिकडे माझं तेव्हा लक्ष गेलं नाही.

"नाही जमलं तर परत आणा," निघताना मुलगी म्हणाली. "तयेच्या रात्रीपर्यंत मी इथे आहे. मग मोपाहून विमान."

घरी आल्यावर मी तयारीला लागलो. खेळताना कशावर आपटू नये म्हणून खोली मोकळी ठेवा असं त्याच्या कागदात लिहिलं होतं. मी माणूस अर्धवट काम करणारा नव्हे. आतल्या खोलीतली खाट काढली, कपाट काढलं, कॅलेंडर काढलं, सासऱ्यांचा फोटोसुद्धा नमस्कार करून काढला. चवथीला घराला रंग द्यायचाच होता, तो त्या खोलीला दोनदा दिला. खोली अशी पांढरीशुभ्र झाली की दार उघडं राहिलं तर शेजारचे कोंबडे भरदुपारी पहाट झाली समजून आरवायचे.

बायकोने हेडसेट चढवला, हात पुढे केला आणि म्हणाली, "टेबल खय गेला?"

"समोर आसतला."

"समोर नाय. भिंतीत गेला. आता वर चढला. अहो, टेबल पोवता!"

मी चढवून पाहिला. टेबल खरंच पोहत होतं. मग काळोख, आणि काळोखात पाटी आली, की जागा ओळखता येत नाही. काचा पुसल्या. कंट्रोलरचे सेल बदलले. बंद करून चालू केला, ज्या उपायाने माझे नऊ ट्रक चालले होते. आठ दिवस हेच. ती रोज स्वयंपाक आटोपून त्या खोलीत जायची, पाच मिनिटं आंधळ्यासारखी हात फिरवायची आणि बाहेर यायची. तिने मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी मात्र मनातल्या मनात पुण्याच्या त्या मुलीला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आता त्याची लाज वाटते.

तयेचा दिवस उजाडला. दुपारी साडेतीन वाजता मी बायकोला म्हटलं, "पुरे झालं गो. दी तो हेडसेट. मी हरमलाक जावन परत करतंय. धाकटीक फोन कर आणि सांग, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. दोनच शब्द. आणि हेडसेट डोळ्यांवर तसाच ठेवून, कंट्रोलर हातात घेऊन, ती चाचपडत त्या पांढऱ्या खोलीतून बाहेर सालीत आली.

सालीत माझे काका माटोळी बांधत होते. गणपतीच्या जागेवर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात ती माटोळी. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण माटोळीसाठी अजून स्वतः रान तुडवतात. तीस मैलांतल्या प्रत्येक झाडाला त्यांची ओळख आहे, आणि काही झाडं त्यांना बघून आपणहून वाकतात. तेव्हा ते शिडीवर होते. चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, लालभडक कवंडळं, तोरिंजनं, आंबाड्याचे झुबके असं साठ-सत्तर प्रकारचं लटकलेलं, आणि हातात एक पिकलेला चिबूड.

बायको त्याखाली आली आणि थांबली.

"अहो!"

"कितें झालें?"

"टेबल! टेबल थांबला! चारूय पाय जमनीर! हलणा नाय!"

ती एक पाऊल डावीकडे गेली, उजवीकडे आली, खाली वाकली. टेबल जागचं हललं नाही. मी तिला परत आतल्या खोलीत नेलं, टेबल पोहायला लागलं. सालीत आणलं, थांबलं. मी बावळटासारखा तिला दारातून आत-बाहेर करत राहिलो.

काका शिडीवरून बघत होते. "त्येका डोळे आसत काय रे, पुता?"

"आसत काका. पुढच्या बाजूक चार कॅमेरे. ते बघून तो आपण खय आसा ता समजता."

"मगे ह्येका चकवो लागलो हा," काका म्हणाले, जणू सर्दी झाली आहे असं सांगावं तसं. "रानात माका कधी चकवो लागूक नाय. एक वाकडा किंदळाचा झाड, एक कवंडळीचो वेल, खूण बघित माणूस घराक येता. चकवो लागता तो उघड्या सड्यार, कातळाच्या माळार. थंय सगळा सारख्या. माणूस थंयच्या थंय घिरट्यो घालता. तू तुझ्या खोलीचो सडो करून ठेवलंस, आणि त्या बापड्याक म्हणतंस वाट दाखय."

 कंपनीच्या माणसांनी हीच गोष्ट इंग्रजीत पानभर लिहिली असेल, पण ती मला कळली शिडीच्या पाचव्या पायरीवरून. हरमलची ती चादरी-माळा लटकवलेली खोली एकदम डोळ्यांसमोर आली. हेडसेट धडधाकट होता. मुलगी खरी होती. आंधळा मी केला होता त्याला, रंगाचे दोन हात देऊन.

चारला दोन मिनिटं होती. "काका," मी विचारलं, "माटोळीखाली खेळलेलं चालात?"

"फाल्यां थंयच बायलो फुगडी घालतल्यो न्हय? आज हिची फुगडी. मी माझा काम करतंय. तिका सांग, शिडीक लागू नको."

बरोबर चारला हेडसेटच्या कडेच्या स्पीकरमधून मस्कतचा आवाज सालीत आला. "इलंस गो?"

"इलंय. सर्व्हिस कोणाची?"

"तुझी होती. बस येवच्या आधी तूच बॉल धरलेलंस. माका आठवता."

दिसत मला काहीच नव्हतं. मला दिसत होती फक्त माझी बायको, माटोळीखाली, पदर कमरेला खोचलेला, हवेला मारणारी. पण तसं मारताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली. ही बाई सिलिंडर एका हाताने सरकवते हे मला माहीत होतं. ती पंजावर उभी राहून अशी अर्धी गिरकी घेते आणि मनगट शेवटच्या क्षणी वळवते, हे माहीत नव्हतं. वाऱ्याने सुपाऱ्यांचे घोस हलत होते, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

"वीस-एकोणीस!" बायको ओरडली.

"नशीब!" मस्कत म्हणालं. "आता बघ."

पुढचा पॉइंट संपेचना. ठक-ठक-ठक आवाज नुसता. मग धाकटीने बॉल उंच उडवला असावा, कारण बायकोची मान वर गेली, ती दोन पावलं मागे आली, आणि उडाली. बावीस वर्षांचं जे काय साठलं होतं ते सगळं त्या हातात होतं. हात गेला तो थेट काकांच्या हातातल्या चिबडावर.

चिबूड फुटला तो असा की अर्धा माझ्या डोक्यावर, अर्धा सगळ्या सालीत. पिकलेल्या चिबडाचा गोड, ओला वास घरात भरला.

"कितें फुटलें गो?" मस्कतने घाबरून विचारलं.

"काकांचो चिबूड."

 पलीकडून अगदी बारीक आवाजात, "पिकलेलो?"

"होय. पिवळोधमक."

"वास येता?"

"सगळ्या घराक येता."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बायकोनेही हेडसेट काढला नाही. ती तशीच उभी राहिली. चिबडाची एक बी तिच्या कपाळावर चिकटली होती आणि हेडसेटच्या खालून पाणी गालावर येत होतं.

"बॉल टेबलार पडलो," थोड्या वेळाने ती म्हणाली. "एकवीस. मी जिंकलंय."

"माका दिसूक नाय," धाकटी म्हणाली. "काचेक धुकां इलां. मोजूचो नाय तो पॉइंट."

"धुकां तुझ्या काचेक इलां, माझ्या नाय!"

"वीस-एकोणीसच! परत खेळूचो!"

आणि बावीस वर्षांपूर्वीचा तो वाद, बसशिवाय, नव्याने सुरू झाला. मी काकांकडे बघितलं. फुटलेल्या चिबडाचं काय, तो देवाचा होता.

"बांधूक नव्हतो अजून," काका शिडीवरून उतरत म्हणाले. "म्हणजे तो आमचोच. गूळ हाड, खावया. मी परसातलो दुसरो काढतंय."

त्या रात्री मी पुण्याच्या मुलीला फोन करून हेडसेट परत करत नाही असं कळवलं आणि खोलीत लटकवलेल्या तिच्या चादरींची मनापासून स्तुती केली. तिला त्यातलं काही कळलं नसावं.

गणपती पोचवल्यावर माटोळीची फळं उतरवली, पण चौकट आम्ही अजून उतरवलेली नाही. तिला आता नारळ, कांद्याच्या माळा, माझी जुनी टोपी, सासऱ्यांचा फोटो आणि एका ट्रकाचा आरसा लटकलेला असतो. आरसा नको, त्याने टेबल दोन होतात असं बायको म्हणते, तो मी उद्या काढणार आहे. दर शुक्रवारी चार वाजता दोघी खेळतात. वीस-एकोणीसचा तो पॉइंट अजून परत खेळला गेलेला नाही. दर वेळी त्याच्यावरून भांडण सुरू होतं आणि तेवढ्यात धाकटीची ड्युटीची वेळ होते.

ट्रकांच्या शर्यतीचा खेळ मी अजून लावून पाहिलेला नाही. हेडसेट मोकळाच मिळत नाही.